समुद्रात काय टाकायचं?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलंय, 'पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको.' म्हणून जहाजांवर बोलते.

नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' आपल्या निवतीच्या समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची, ही योजना तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानिमित्ताने अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी सांगते.

'कोपनहेगन' ही कोळसा नेणारी आगबोट १९०० साली पोम्पानो बीचजवळ खडकावर चढली आणि तिथेच संपली. तिच्यासाठी कुणी काही योजना आखली नव्हती. पण पोलाद जड, जागचं हलत नाही. त्यावर प्रवाळ आणि स्पंज धरले, मागोमाग मासे आले. १९९४ साली राज्याने ती जागा संरक्षित केली.

दुसरी गोष्ट त्याच किनाऱ्यावरच्या फोर्ट लॉडरडेलची. १९७०च्या दशकात तिथे सुमारे वीस लाख जुने टायर मोळ्या बांधून समुद्रात टाकले. कचरा जाईल आणि मासेही वाढतील, असा हिशोब होता. हेतू चांगलाच होता. पण नायलॉनच्या दोऱ्या तुटल्या, पोलादी क्लिपा गंजल्या. सुटे टायर लाटांबरोबर हलत राहिले, त्यामुळे त्यांच्यावर फारसं काही रुजलं नाही. उलट वादळांत ते जवळच्या जिवंत प्रवाळावर जाऊन आदळले. शेवटी २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते बाहेर काढू लागले. टाकायला सोपं गेलं, काढता काढता वर्षं गेली.

म्हणजे समुद्रात काही टाकलं की मासे येतातच असं नाही. टाकलेली वस्तू जड हवी, स्थिर हवी आणि स्वच्छ हवी.

मग आपल्याकडे प्रश्न हे. बोटीतलं तेल, विषारी रंग, जुन्या तारा पूर्ण काढल्या का? पावसाळ्यातल्या उधाणात ती जागची हलणार नाही ना? मच्छीमारांची जाळी तिथे अडकतील का? आणि पाच-दहा वर्षांनी खाली उतरून तपासणी कोण करणार, त्याचा खर्च कोण देणार?

आपल्या बॅचमध्ये रापणीवाले आहेत, पर्यटकांना स्कूबाला नेणारे आहेत, सरकारी नोकरीतलेही आहेत. वर्षातून एकदा येणाऱ्या माझ्यासारखीपेक्षा तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. हे प्रश्न तुम्ही विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. माहिती गोळा करायला, पत्रं लिहायला मी आहेच.