दिवा कोणता घेऊ?



आपापल्या कामातलं, इतरांना सहसा ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा, असं संयोजकांनी कळवलं होतं. माझ्या आधी मधुमेहावर बोलणं झालं, म्युच्युअल फंडावर झालं. दोन्ही विषय आपल्या वयाला शोभणारे. माझा विषय त्यामानाने फारच बारीक आहे. मी गाड्यांच्या पत्र्यावरचे पोचे काढतो, रंग न लावता. आणि त्यातही आज फक्त दिव्याबद्दल बोलणार आहे.

त्याला कारण आहे. आपल्यातल्याच एकाचा मुलगा हे काम शिकतो आहे. कर्ज काढून हत्यारं घेतोय. मागच्या महिन्यात त्याने फोन केला, "काका, सळयांची यादी झाली. दिवा कोणता घेऊ?" सळयांवर न अडता पोरगा दिव्यावर अडला, म्हणजे त्याला काम कळायला लागलंय, असं मला वाटलं. पैसा उसना आहे, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं बरं वाटेना. तेव्हा हे भाषण तुमच्यासाठी आहे आणि मागे उभ्या असलेल्या त्याच्यासाठीही.

आधी काम काय ते सांगतो. गाडीला पोचा पडला की गॅरेजवाला ठोकतो, लांबी भरतो, घासतो, रंग मारतो. आमच्या पद्धतीत रंगाला हातच लावायचा नाही. दरवाजाच्या किंवा बोनेटच्या आतून वाकड्या टोकाची सळई घालायची आणि पत्रा कणाकणाने मागून उचलायचा. आतून जागाच नसेल तर बाहेरून गोंदाने खुंटी चिकटवून ओढायचा. रंग तडकलेला असेल, आधी लांबी भरलेली असेल किंवा पत्रा ताणून पातळ झाला असेल, तर आमचा उपयोग नाही. सरळ पेंटरकडे जा, असं मी सांगतो.

एवढा खटाटोप कशाला? कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा, भट्टीत भाजलेला असतो. तो एकदा गेला की तसाच परत येत नाही. जुनी गाडी घेणारे आजकाल खिशात जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. एका दरवाजावर आकडा दुप्पट-तिप्पट आला की, "अपघात झालाय का?" असं विचारतात आणि किंमत पाडतात. बाहेरच्या देशांत हे काम वाढलं ते गारपिटीमुळे. म्युनिकला १२ जुलै १९८४ रोजी झालेल्या गारपिटीत सुमारे २ लाख गाड्यांचं नुकसान झालं होतं. एकेका छपरावर शे-दोनशे पोचे असले तर ठोकून रंगवायचं म्हटल्यावर विमा कंपनी कशी तयार होईल? आपल्याकडे गारपीट आधी द्राक्षं आणि गहू झोडपते, गाडीचा विचार मागाहून. आमची बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे पार्किंगमधले दरवाजे, क्रिकेटचे बॉल आणि नारळ.

आता दिवा. लोकांना वाटतं, अंधारात दिसावं म्हणून दिवा. तसं नाही. आम्ही पत्र्याकडे बघतच नाही. आम्ही पत्र्यात दिसणाऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे बघतो. पोचा माझ्या आणि दिव्याच्या मध्ये येईल असा दिवा पलीकडे लावायचा आणि त्याची सरळ ओळ पत्र्यात कुठे वाकते ते वाचायचं. सळईचं टोक पत्र्यामागे असतं, ते दिसत नाही. हलकं दाबलं की ओळीत जिथे हालचाल होते, तिथे टोक आहे, एवढंच कळतं. टोक चुकीच्या जागी दाबलं तर पत्र्यावर पुटकुळी उठते. जोरात दाबलं तर रंगच तडकतो.

बाई, तुम्ही नववीत अंतर्गोल आणि बहिर्गोल आरसे शिकवले होते. चमच्यात तोंड पाहायला लावलं होतं, सगळा वर्ग हसत होता. तोच धडा माझं पोट भरतो. पोचा म्हणजे अंतर्गोल आरसा. समजा पोचा ३० मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर खोल आहे. तो गोलाकार धरला तर त्याची वक्रता त्रिज्या सव्वादोनशे मिलिमीटर येते आणि नाभीय अंतर तिच्या निम्मं, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. माझा दिवा असतो अर्ध्या मीटरवर, नाभीच्या बराच पलीकडे. म्हणून पोच्यात दिव्याची प्रतिमा उलटी आणि लहान दिसते, ओळ तुटून तिचा फास होतो. पोचा उचलत उचलत खोली एक दशांशावर, म्हणजे ०.०५ मिलिमीटरवर आली की नाभी १.१ मीटरच्या आसपास जाते. आता दिवा नाभीच्या आत आला. ओळ सुलटी होते, पण जाड दिसते. अजून उचललं की जाडी कमी होत शेजारच्या ओळींएवढी होते. आणि हात जास्त लागला तर तोच ठिपका बहिर्गोल होतो आणि ओळ चिमटते. मग वरून नायलॉनच्या टोकाची दांडी ठेवून हळूच ठोकायचं. जाड म्हणजे अजून खाली, बारीक म्हणजे वर गेलं. शिकाऊ मुलांना मी पहिला आठवडा एवढंच घोकायला लावतो, सळईला हात लावू देत नाही.

०.०५ मिलिमीटर म्हणजे केसाच्या जाडीइतकं किंवा कमीच. ते डोळ्याला दिसतं कसं? आरसा जितक्या कोनातून फिरतो, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण फिरतो, हेही तुम्हीच शिकवलंत. त्यामुळे एवढ्याशा खड्ड्याने अर्ध्या मीटरवरच्या दिव्याची ओळ काही मिलिमीटर हललेली दिसते. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. दिवा लांब नेला की ओळ जास्त हलते, बारीक दोष सापडतात. जवळ आणला की मोठा पोचा नीट आकारात दिसतो. म्हणून दिव्याचा स्टँड आणि तो पत्र्याला धरून ठेवणारा रबरी चोषक हे दिव्याइतकेच महत्त्वाचे. पुढे-मागे, वर-खाली सहज न सरकणारा दिवा कितीही उजळ असो, मला नको.

उजळपणावर तर दुकानदारांचा फार भर असतो. मित्रा, वॅट आणि ल्युमेनचे आकडे बाजूला ठेव. आपल्याला उजेड वाचायचा नाही, उजेडाची कड वाचायची आहे. प्रकाश संपून अंधार सुरू होतो ती रेघ जितकी धारदार, तितकं बारीक दिसतं. उघड्या एलईडी पट्टीत एकेक टिकली वेगळी दिसते, मग पत्र्यात ओळीऐवजी मण्यांची माळ येते. तिच्यावर दुधी ॲक्रिलिक हवं. पण ते फार जाड आणि पट्टीपासून लांब असलं की कडाच विरघळतात. दिवा विकत घेण्याआधी दुकानाबाहेरच्या कुठल्याही काळ्या गाडीत त्याचं प्रतिबिंब बघ. माहितीपत्रक वाचून हे कळत नाही.

काळी गाडी मी मुद्दाम म्हटलं. रंगावरच्या पारदर्शक थरातून समोरून पाहताना पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के आरशासारखा परत येतो. काळ्या गाडीत बाकीचा उजेड खालचा रंग गिळून टाकतो, म्हणून ते ४ टक्के फळ्यावरच्या खडूसारखे उठून दिसतात. पांढऱ्या गाडीत खालचा थर बाकीचा उजेड चहूकडे उधळतो आणि आपली ओळ त्यात बुडते. चुन्याच्या भिंतीवर खडूने लिहिल्यासारखं. आणि आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या किती आहेत ते तुम्ही पाहताच. त्यावर मी तीन गोष्टी करतो. शटर अर्धं ओढून आजूबाजूचा उजेड कमी करतो. तिरकस बघतो, कारण नजर जितकी तिरपी तितकं परावर्तन वाढतं. आणि पिवळा दिवा लावतो, ३००० केल्विनच्या जवळचा. शटरखालून येणाऱ्या दिवसाच्या निळसर उजेडात पिवळी ओळ वेगळी ओळखू येते. चंदेरी गाडीतल्या चमकीवरही पिवळाच बरा. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर पांढरा लावायचा, पण मंद, नाहीतर डोळे दिपतात. तेव्हा दोन रंग आणि कमी-जास्त करायची कळ, एवढं दिव्यात असायलाच हवं. लाल, हिरवा, जांभळा असे रंग बदलणारे दिवेही निघाले आहेत. ते गणपतीच्या आराशीला चांगले.

मंद करायच्या कळीत एक मेख असते. स्वस्त दिव्यात उजेड कमी करायला एलईडी भराभर चालू-बंद करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण संध्याकाळी डोकं दुखतं. आपल्या वर्गातली ती चोकवाली ट्यूब आठवा, तीही सेकंदाला शंभर वेळा लुकलुकायची. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरायचा आणि उजेड कमी करायचा. पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले की तो दिवा परत ठेवायचा. दिवसाचे आठ तास ज्या उजेडात डोळे रोखायचे, तिथे काटकसर नको.

वीज कशी द्यायची हाही प्रश्न आहे. निम्मं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतं आणि तिथे प्लग मिळाला तरी चेअरमनची परवानगी मिळत नाही. ड्रिल मशीनची १८ व्होल्टची बॅटरी ५ अँपिअर-तासांची असेल तर २० वॅटचा दिवा चारेक तास चालतो. गाडीच्याच १२ व्होल्टवर चालवायची सोय मात्र मी टाळतो. गिऱ्हाइकाची बॅटरी उतरली तर पोचा राहतो बाजूला आणि धक्का मारायची वेळ येते.

ओळींचा दिवा की धुक्यासारखा पसरट उजेड देणारा, यावर आमच्यात पंढरीच्या वाटेवर होणार नाहीत इतके वाद होतात. पसरट दिव्यात ओळी नसतात, उजळाकडून काळोखाकडे हळूहळू जाणारी छटा असते. मोठा, लांबट पोचा त्यात पटकन समजतो. माझं मत असं की सुरुवात पसरट दिव्यात केलेली चालते, शेवट ओळींतच व्हायला हवा. पसरट उजेड बारीक खडबड झाकतो.

इथेच खरी गोम आहे. गाडी गिऱ्हाइकाला कोणत्या दिव्यात दाखवायची? जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने मला सांगितलं होतं की फोटो पसरट दिव्यात काढा, काम एकदम साफ दिसतं. मी नाही म्हटलं, आणि ते काम बंद झालं. महिन्याला सात-आठ गाड्या होत्या, कमी नाहीत. पण माझा दर रंग वाचवण्याचा आहे. ओळीत अजून जाडसर दिसणारा पोचा शंभर टक्के निघाला म्हणून दिला, तर उद्या उन्हात विकत घेणाऱ्याला तो दिसणार. त्याने मोजलेले पैसे कुणाच्या घरातले असतात, तेही आपल्याला ठाऊक आहे. मी ओळींचा दिवा लावतो, गिऱ्हाइकाला माझ्या जागी उभं करतो आणि म्हणतो, नव्वद टक्के झालंय, उरलेलं काढायला गेलो तर रंग जाईल. बहुतेक लोक मान्य करतात. काही जण तोच दिवा बोनेटभर फिरवून आधी कधी न दिसलेले आणखी चार पोचे दाखवतात आणि तेही फुकटात काढा म्हणतात! म्हणून काम घेतानाच ओळींमध्ये गाडीचे फोटो काढून ठेवायचे.

चाळिशीचं थोडं बोलतो, कारण इथे सगळ्यांच्याच नाकावर चष्मे आहेत. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या कडेने सरळ रेघ वाकडी दिसते. आमचा सगळा धंदाच सरळ रेघेचा, म्हणजे चष्म्याचा दोष पत्र्याच्या माथी. शिवाय जवळचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो आणि गाडीचं छप्पर असतं नाकासमोर. मी ६० सेंटिमीटरचं अंतर सांगून एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेतलाय. तो फक्त कामाचा.

आता मुला, तुझं उत्तर. परदेशी दिवा आज घेऊ नकोस. ॲल्युमिनियमची चौकट, पिवळी आणि पांढरी अशा दोन एलईडी पट्ट्या, चांगला ड्रायव्हर, दुधी ॲक्रिलिक आणि त्यावर सारख्या अंतराने काळी टेप, एवढ्यात सहा ओळींचा दिवा दोन दिवसांत होतो. माझ्या गॅरेजात ये, आपण बसून करू. त्यावर भंगारातली वीस बोनेटं काढ. तोवर तुला स्वतःलाच कळेल की तुझ्या डोळ्याला ओळी जाड हव्यात की बारीक. मग कर्जाचे जे पैसे वाचले असतील त्यातून हवा तो दिवा घे.

आयोजकांनी घंटी वाजवली, थांबतो. बाहेर व्हरांड्यात एक काळं बोनेट आणि माझा दिवा लावून ठेवलाय. त्यावर पाच पोचे होते, तीन काढलेत. उरलेले दोन कुठे आहेत ते जेवणाआधी शोधा. बाई, पहिला मान तुमचा. उजव्या बाजूने, जरा वाकून बघा.