चोराच्या वाटा चोराला ठाऊक

दारू सोडायला आलेल्यांच्या बैठकीत ‘मी कधीतरीच घेतो’ असं गोलात बसलेला कुणी म्हणाला, की शेजारचा गालात हसतो. कारण वर्षानुवर्षं तोही बायकोला हेच सांगत आलेला असतो! डॉक्टरला फसवता येतं, या शेजाऱ्याला नाही. समूह उपचाराची खरी ताकद इथेच आहे. उपदेश घरी भरपूर झालेला असतो, तो इथे नको.

पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी आर्थिक पाठबळ दिलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे इतरांना हात देतात. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठका महाराष्ट्रातही भरतात. तिथे फी नसते, आडनावही विचारत नाहीत.