घरची चिक्की

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला चिक्की करायला शिकवणार आहे. हसू नका. बायका म्हणतील, मास्तर चूल कधी फुंकायला लागले? सांगतो. पण आधी मला माझी एक चूक सांगायची आहे.

मी शाळेत हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या फाटकाशी एक मावशी चिक्की विकायला बसत. घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की. पाटीत कागद, कागदावर वड्या. एक दिवस मी पाहिले, वड्यांवर माश्या बसल्या होत्या. मला राग आला. मी म्हणालो, "मावशी, उद्यापासून इथं बसायचं नाही. पोरं आजारी पडतील."

मावशी म्हणाल्या, "मास्तर, मी काय इख इकते व्हय?"

मी ऐकले नाही. मावशींनी पाटी उचलली आणि त्या गेल्या. मला वाटले, मी चांगले काम केले.

पुढे काय झाले? पोरांच्या हातातला पैसा काही घरी राहिला नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. रंगीत पाकिटे आली. बिस्किटे आली, कुरकुरीत नळ्या आल्या, गोळ्या आल्या. शाळेच्या पटांगणात कागदांचा खच पडू लागला. मधल्या सुट्टीत डबा तसाच राही. घरची भाकरी परत घरी जाई.

माशी बसत होती, हे खरे. पण त्याला उपाय काय होता? पाटीवर एक झाकण. झाकण हवे होते, मी दुकानच उठवले. ही माझी चूक.

त्या मावशी आज इथे, तुमच्याच वर्गात, मागच्या ओळीत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर मी हे कबूल करतो. चिक्की मला त्यांनीच शिकवली आहे.

पाकीट वाचा

आता हे पाहा. मी दुकानातून बिस्किटाचे एक पाकीट आणले आहे. वरचे चित्र छान आहे. पण चित्र पाहायला शाळा लागत नाही. तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा पाकीट उलटे करा आणि मागचे बारीक अक्षर वाचा.

पाकिटात काय काय घातले आहे ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात एक नियम आहे. जी वस्तू वजनाने सर्वांत जास्त, तिचे नाव पहिले. मग तिच्याहून कमी, मग आणखी कमी. या पाकिटावर पहिले नाव मैद्याचे आहे. दुसरे साखरेचे. तिसरे पाम तेलाचे. म्हणजे आपण पोराच्या हातात काय दिले? मैदा, साखर आणि तेल. चित्रात बदाम मोठा दिसतो. यादीत त्याचे नाव कुठे आहे ते शोधा.

पुष्कळ पाकिटांवर हा मजकूर इंग्रजीत असतो. मग आपल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. त्याचाही अभ्यास होईल आणि खाण्याआधी त्यालाही कळेल.

बिस्कीट म्हणजे विष, असे मी म्हणत नाही. पाहुणा आला, चहाबरोबर दोन दिली, बिघडले नाही. पण सकाळी न्याहारीला बिस्कीट, दुपारी पाकीट, संध्याकाळी पुन्हा पाकीट, असे झाले की पोराचे पोट भरते आणि अंग भरत नाही.

चिक्कीत काय आहे

आता घरच्या चिक्कीचा हिशेब मांडू. मास्तर आहे, गणित सोडणार नाही.

अंग भरायला जे लागते त्याला प्रथिने म्हणतात. ती डाळीत असतात, दुधात असतात, अंड्यात असतात. शेंगदाण्यातही भरपूर असतात. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने. आपण पाव किलो दाणे घेऊ. त्यात झाली साठेक ग्रॅम. त्याच्या २० वड्या पाडल्या, तर एका वडीत ३ ग्रॅम आली.

आता गूळ. पाव किलो दाण्यांना २०० ग्रॅम गूळ पुरतो. २० वड्यांत वाटला, तर एका वडीत १० ग्रॅम. म्हणजे दोन लहान चमचे. हेही खरे सांगितले पाहिजे. गूळ म्हणजे काही औषध नव्हे. गुळातही साखरच असते. म्हणून पोराला दिवसाला एक वडी, फार तर दोन. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हात आवरावा. आणि गोड खाल्ले की चूळ भरावी, नाही तर दात किडतात.

सामान पारखून घ्या

दाणे निवडून घ्या. बुरशी आलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला, कडू दाणा काढून टाका. बुरशीच्या दाण्यात विष तयार होते, आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. एक मूठ दाणे वाया गेले तर जाऊ द्या.

गूळ पिवळाधमक दिसला म्हणून भुलू नका. रंग उजळावा म्हणून काही जण गुळात रसायन घालतात. तांबूस, काळपट गूळ बरा. दुकानात 'चिक्कीचा गूळ' म्हणून चिकट गूळ मिळतो. तो मिळाला तर उत्तम. नाही तर घरातला साधा गूळ चालतो.

कृती

दाणे मंद आचेवर भाजा. घाई केली तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. गार झाले की हाताने चोळा, सुपात पाखडा, टरफले उडवा. दाण्याची दोन दले झाली पाहिजेत.

मग पोळपाटाला आणि लाटण्याला तूप लावून ठेवा. हे आधी करायचे. नंतर वेळ मिळत नाही.

कढईत चमचाभर तूप, किसलेला गूळ आणि दोन चमचे पाणी घाला. आच मंद ठेवा. सारखे हलवत राहा. गूळ विरघळेल. मग फेस येईल. मग रंग गडद होईल. त्यातले पाणी उडून जाते तसा पाक तापत जातो आणि घट्ट होतो. सगळी मेख इथे आहे.

मी पहिल्यांदा केली तेव्हा पाक लवकर उतरवला. नातू म्हणाला, "आजोबा, ही चिक्की नाही, डिंक आहे." दातांना चिकटून बसली. दुसऱ्या वेळी पाक जास्त झाला. चिक्की कडू झाली. तेव्हा मी मावशींच्या दारी गेलो. मनात धाकधूक होती. ज्या बाईला फाटकातून उठवले, तिच्यापुढे हात पसरायचा!

मावशींनी मागचे काही काढले नाही. चूल पेटवली आणि म्हणाल्या, "मास्तर, पाक नुसता डोळ्यांनी बघू नगा. कानानं ऐका."

त्यांनी वाटीत गार पाणी घेतले. पाकाचा एक थेंब त्यात टाकला. थेंब मऊ गोळी झाला. म्हणाल्या, "अजून न्हाई." थोड्या वेळाने दुसरा थेंब टाकला. तो ओढला तर तार निघाली. "अजून न्हाई." तिसरा थेंब कडक झाला. तो वाटीच्या काठावर आपटला. टण् असा आवाज आला. मोडला तर कट्‌कन मोडला. "आता उतरवा."

तो आवाज आला की कढई लगेच खाली घ्या. चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. पाक फसफसतो आणि चिक्की खुसखुशीत होते. सोडा नसला तरी चालते. लगेच दाणे टाका, भराभर हलवा, पोळपाटावर ओता आणि लाटा. गरम असतानाच सुरीने रेघा मारा. गार झाल्यावर रेघेवर वड्या मोडतात.

एक इशारा. तापलेला पाक उकळत्या पाण्याहून जास्त भाजतो, कारण तो कातडीला चिकटतो. लेकरांना चुलीपासून लांब ठेवा. कोणाला भाजलेच तर हात वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. जास्त भाजले तर दवाखान्यात न्या.

वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गूळ हवेतले पाणी ओढतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर चिक्की मऊ पडते.

दाण्यांऐवजी तीळ घ्या, डाळे घ्या, राजगिऱ्याच्या लाह्या घ्या, सुके खोबरे घाला. पाक तोच. ज्याच्या घरात जे पिकते ते घ्यावे.

लहान मुलांना अख्खे किंवा अर्धे दाणे देऊ नका. घशात अडकतात आणि जीव जातो. त्यांना दाण्याचे बारीक कूट आणि गूळ मिसळून मऊ लाडू द्या. आणि दाणे खाऊन एखाद्याच्या अंगावर गांधी उठत असतील, धाप लागत असेल, तर त्याला दाण्याचे काहीच देऊ नका.

शेवटचे दोन शब्द

पाकिटात काय आहे ते वाचून कळते. घरच्या डब्यात काय आहे ते आपल्याला ठाऊकच असते, कारण ते आपण घातलेले असते. एवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे.

आता घरचा अभ्यास. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने एक रिकामे पाकीट आणायचे आणि मागची पहिली तीन नावे वाचून दाखवायची. आणि चिक्कीची कृती आपल्या हाताने वहीत लिहायची. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

मावशींना मात्र मी वेगळा अभ्यास दिला आहे. त्यांनी मी लिहिलेली कृती वाचायची आणि माझ्या चुका काढायच्या.

डबा मी बरोबर आणला आहे. त्याला झाकण आहे. एकेक वडी घ्या.