पायाजवळून उडाला तो लावाच होता का?

माळरानावर चालताना पायाजवळून काहीतरी भुर्रकन उडतं, छातीत धस्स होतं आणि आपण म्हणतो, "लावा!" बऱ्याचदा तो लावाच असतो. पण त्याच गवतात लाव्यासारखा दिसणारा, त्याच्याशी जवळचं नातं नसलेला आणखी एक पक्षी राहतो. तो म्हणजे बार्ड बटनक्वेल. लावा कोंबडी-मोरांच्या गणातला, तर हा कुरव आणि पाणथळीवरच्या चिखल्यांच्या गणातला.

ओळखायचं कसं? आधी मोजा. लावे थव्यानं राहतात, अगदी जवळ जाईपर्यंत दबून बसतात आणि मग एकदम चहूकडे उधळतात. बटनक्वेल एकटादुकटा किंवा जोडीनं दिसतो. तो उडायचा कंटाळाच करतो. उडाला तरी खालून थोडं अंतर जातो, गवतात पडतो आणि पळत सुटतो. नीट दिसला तर डोळा बघा, फिकट पांढुरका असतो. पाय निळसर करडे असतात. पिवळे दिसले तर ती दुसरी जात. आणि पक्की खूण म्हणजे बोटं: लाव्याला मागचं बोट असतं, याला नसतं. पायवाटेवरच्या ओल्या मातीत फक्त पुढची तीन बोटं उमटलेली दिसली, तर शंका घ्यायला हरकत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. यांच्यात मादी मोठी आणि जास्त रंगीत. काळा गळा तिचाच. लांबून मोटारसायकल यावी तसा घुमणारा आवाजही तिचाच. ती नरासाठी इतर माद्यांशी भांडते, गवतातल्या खळग्यात साधारण चार अंडी घालते आणि दुसरा नर शोधायला निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बापाकडे! म्हणजे घरट्यावर बसलेला फिकट पक्षी बघून वहीत 'मादी' लिहिलंत, तर नोंद उलटी झाली.

ही नोंद महत्त्वाची का? आपण ज्याला 'पडीक' म्हणतो, ते माळरान याचं घर आहे. गवत पेटवलं की मोठे पक्षी उडून जातात. जमिनीवरची अंडी जळतात. तिथे काय राहतं हे कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर 'इथे काहीच नव्हतं' असं म्हणणं सोपं जातं.

म्हणून एवढंच करा: पायवाट सोडू नका, आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून मादीला बाहेर काढू नका, आणि दिसलं ते तारखेसह लिहा. भेटूया पुढच्या भागात!