बैलांची आगगाडी



बडोद्याच्या खंडेराव महाराजांचे नाव निघाले की जुन्या मंडळींना त्यांचा मोत्यांचा गालिचा आठवतो. त्याच महाराजांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम अशी सुमारे 20 मैलांची लोहमार्गाची वाट घातली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. माझ्या मते गालिच्याहून ही वाट अधिक मोलाची होती.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली त्याला तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचे रूळ 1861 मध्ये बडोद्यास पोहोचले. मियागाम हे त्याच मार्गावरचे स्थानक. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. गुजरातच्या कापसाला एकाएकी मागणी आली. पण डभोईकडची जमीन काळी. पावसाळ्यात गाडीचे चाक आसापर्यंत रुतायचे. रुळापर्यंत माल न्यायचा कसा, हा खरा प्रश्न होता.

कंपनीच्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट. संस्थानाने आपला मार्ग अवघा अडीच फुटांचा केला. भारतातला हा पहिला नॅरोगेज. खर्च वाचावा म्हणून रूळही हलके घातले, आणि इंजिनाचा भार त्यांना पेलेना. मग डब्यांना बैल जुंपले! आज आपण हसतो. परंतु चिखलातून गाडी ओढणाऱ्या बैलाला रुळावर तोच भार किती हलका वाटला असेल, याचा विचार करावा. सुमारे अकरा वर्षे ही व्यवस्था चालली. 1873 मध्ये भक्कम रूळ घालून तेथे वाफेची इंजिने नियमित धावू लागली.

या काटकसरीची किंमतही होती. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर चढत नाही. मियागामला प्रत्येक गासडी एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावी लागे. त्यात वेळ आणि मजुरी जाई. तरीही मार्ग वाढत गेला आणि डभोई हे नॅरोगेजचे फार मोठे जंक्शन बनले. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने इतरत्रही रूळ नेले. 1887 मध्ये मेहसाणा-वडनगर मार्ग झाला. पुढे डांगच्या जंगलातले सागवान आणण्यासाठी बिलिमोरा-वघई मार्ग झाला. नवसारीपासून ओखामंडळापर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या राज्याला रेल्वेची गरज इतरांपेक्षा अधिकच होती.

1949 मध्ये संस्थान विलीन झाले, 1951 मध्ये पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली. त्यानंतर अरुंद रूळ हळूहळू रुंद होऊ लागले. डभोई-चांदोद मार्ग ब्रॉडगेज होऊन केवडियापर्यंत वाढला, आणि 17 जानेवारी 2021 रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. मुंबईकडचा प्रवासी आता डबा न बदलता नर्मदाकाठी उतरतो. खंडेरावांच्या काळी कापसाच्या गासडीला हे सुख नव्हते.

बिलिमोरा-वघईची अरुंद गाडी 2020 मध्ये बंद पडली होती. सप्टेंबर 2021 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. सुमारे 63 किलोमीटरचा तो प्रवास मुलाबाळांना घेऊन एकदा अवश्य करावा. गाडी सावकाश जाते, बैलांइतकी नव्हे.