मुलांची सायंकाळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचे उपकार स्मरावे अशी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आज मी मागील ५० वर्षांविषयीं न बोलतां, आपल्या मुलांच्या दिवसांतील दोन-तीन तासांविषयींच बोलणार आहें. शाळा सुटल्यापासून निजण्याच्या वेळेपर्यंतचे हे तास होत.

वसईच्या वाड्यांत वाढलेल्या आम्हां प्रौढांस ते तास चांगले आठवतात. दप्तर ओटीवर टाकावें, फुलें खुडण्यास किंवा केळींस पाणी लावण्यास हात द्यावा, आणि मग काळोख पडेपर्यंत खेळावें, असा तो क्रम होता. त्या काळाची मी व्यर्थ स्तुति करीत नाहीं. वाडीच्या कामापायीं कित्येकांची शाळा सुटली, हेंही मला ठाऊक आहे. परंतु तें काम आईबापांच्या शेजारीं घडे, आणि खेळ तर मुलांच्या स्वतःच्या मालकीचा असे.

आजचा क्रम निराळा आहे. शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर कराटे, त्यानंतर नृत्य किंवा गिटार, आणि शनिवारीं शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी. मूल रिक्षांतच खातें आणि रिक्षांतच पेंगतें. आई वर्गाच्या दाराशीं तिष्ठत असते व तिचें चित्त घरच्या चुलीपाशीं असतें. बाप चर्चगेटहून गर्दींत उभा राहून वसई रोडला उतरतो, तोंवर मूल निजलेलें असतें. ज्याच्या फीसाठीं तो इतके कष्ट करतो, त्याच्याशीं दोन शब्द बोलण्यास त्याला रविवारची वाट पाहावी लागते.

यांत पालकांची हौस थोडी आणि भीति फार आहे. शेजारचें मूल पुढें जाईल व आपलें मागें राहील, ही ती भीति. वाड्या आटल्या, नोकऱ्या परीक्षेवर अवलंबून राहूं लागल्या. तेव्हां ही भीति निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. ज्याला गणित उमजत नाहीं त्याला साहाय्य हवेंच. ज्याला गाण्याची ओढ आहे त्याला गुरु हवाच. परंतु ओढ मुलाची आहे कीं आपल्या भीतीची, एवढें आपण स्वतःस विचारावें.

कारण रिकाम्या वेळींही मूल कांहीं शिकत असतें. आजीच्या तोंडची कादोडी किंवा वाडवळी बोली फी भरून येत नाहीं. ती ओटीवर बसून येते. भांडण करून पुन्हां मैत्री करणें खेळांतच साधतें. संत जॉन बॉस्को यांनीं १८४१ सालापासून ट्युरिन शहरांतील कामकरी मुलांस जवळ केलें, तेव्हां प्रार्थना व शिक्षण यांच्या जोडीला त्यांनीं खेळाचें अंगणही दिलें. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारांतील ३१ व्या कलमानें विश्रांति व खेळ हा मुलांचा हक्क ठरविला आहे. १९९२ सालीं भारतानेंही त्यास संमति दिली.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेंत मागें राहिला, तेव्हां तो सोबतच्या मंडळींत असेल असें समजून मरिया व जोसेफ एक दिवसाची वाट चालून गेलीं. आपणही असेंच समजतों. मूल कोणत्या तरी वर्गांत आहे, म्हणजे तें सुखरूप आहे! त्या उभयतांनीं मागें फिरून शोध केला, हें मात्र आपण विसरतों.

आतां माझी स्वतःची कबुली. या महोत्सवाच्या तयारीसाठीं महिनाभर रोज सायंकाळीं आम्हीं मुलांस येथें बोलाविलें. एके रात्रीं नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मागच्या बाकावर नाचाचा पोशाख उराशीं धरून झोपलेला मला आढळला. मीं उठवितांच तो म्हणाला, "फादर, उद्यां मला सुटी द्या ना. उद्यां पप्पा घरीं आहेत." "आतां थोडेच दिवस राहिले," असें सांगून मीं त्यास घरीं पाठविलें. दुसऱ्या दिवशीं तो आज्ञाधारक मुलगा वेळेवर हजर झाला. नाच उत्तम झाला, आपण सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु ती सायंकाळ त्याला व त्याच्या पित्याला मी परत देऊं शकत नाहीं.

म्हणून महोत्सव संपतांच आपल्या धर्मग्रामांत दर बुधवारीं सायंकाळीं मुलांचा कोणताही कार्यक्रम ठेवला जाणार नाहीं. गायनाचा सराव नाहीं, सभा नाहीं, खेळाचे सामनेही नाहींत. आपणही त्या दिवशीं शिकवणी ठेवूं नये, आणि रिकामी झालेली जागा मोबाईलला देऊं नये, अशी माझी विनंति आहे. तसेंच मुलास जवळ घेऊन विचारा, "यांतलें काय सोडावेंसें तुला वाटतें?" आणि उत्तर येईल तें न रागावतां ऐका.

एक सायंकाळ ही फार थोडी आहे. परंतु आरंभ तेथूनच होऊं द्या.