मैदानाचा तास
(मानकोली येथे वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे मिळाली. त्यांचे आणि त्यांच्या पालकांचे मनःपूर्वक अभिनंदन. मला मात्र दोन शब्द बोलावयाचे आहेत ते शाळेच्या मैदानाविषयी.

निवासी शाळा आणि तेथील खेळ हा विषय निघाला की आपण पाचगणीकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, "तिथे पैसा आहे, म्हणून खेळ आहे." हे अर्धेच खरे आहे. आपल्याच समाजाचा इतिहास वेगळे सांगतो.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला मदरसतुल उलूम सुरू केले. आरंभी तेथे एक विभाग इंग्रजीतून शिकविणारा, तर दुसरा उर्दूतून शिकविणारा होता. सोबत वसतिगृह होते. मुले तेथेच राहात, एकत्र नमाज पढत, एकत्र जेवत आणि एकत्र खेळत. क्रिकेटची घडी बसविण्यात पुढाकार घेतला तो गणिताचे अध्यापक रमाशंकर मिश्र यांनी. मुस्लिम संस्थेत हिंदू गुरुजींनी लावलेले हे रोप! पुढे १९२० साली त्या संस्थेचे विद्यापीठ झाले. तेथेच शिकलेले झफर इक्बाल १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात होते आणि १९८४ साली भारताचे कर्णधार होते.

कोणी म्हणेल, अलीगढला वसतिगृह होते. आमची मुले तर संध्याकाळी घरी जातात. त्यांनी मुंबईकडे पाहावे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० साली शाळा उघडली. बोरीबंदरासमोरच्या त्या इमारतीला विस्तीर्ण आवार नाही. पण आझाद मैदान हाकेच्या अंतरावर आहे. तेथे तंबूंची दाटी आणि एका सामन्यात दुसऱ्याचा चेंडू. अशाच मैदानांवर गाइल्स आणि हॅरिस शील्डचे शालेय सामने होतात. अंजुमनच्या वसीम जाफर यांनी पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा काढल्या. वडील बेस्टमध्ये बसचालक! हाच मुलगा ३१ कसोटी सामने खेळला, २००६ साली अँटिग्वाला त्याने २१२ धावा केल्या, आणि रणजी स्पर्धेत १२,००० धावांचा टप्पा सर्वप्रथम त्यानेच ओलांडला.

तेव्हा परंपरा कशाने घडते? रोजचा ठरलेला तास, मैदानावर स्वतः उभा राहणारा शिक्षक आणि धाकट्यांना शिकविणारे थोरले विद्यार्थी, या तिन्हींनी. वसतिगृहात हे आपोआप जुळून येते. आपल्याला ते जाणीवपूर्वक जुळवावे लागेल, एवढाच फरक.

आपल्या परिसरात हे सोपे नाही, हे मी जाणतो. भिवंडीत कित्येक मुले शाळा सुटल्यावर यंत्रमागावर कांड्या भरतात. मानकोलीच्या भातखाचरांवर भराव पडून गोदामे उभी राहिली. मोकळी जागा दिवसेंदिवस आटत आहे. शेजारच्या आगरी-कोळी गावांनी मात्र कबड्डी टिकविली. तिला काय लागते? आखलेले मैदान आणि दमदार छाती!

म्हणून तीन विनंत्या करतो. व्यवस्थापनाला विनंती अशी की, नवीन खोल्यांची गरज पडेल तेव्हा मजला चढवावा. मैदानाला हात लावू नये. मुख्याध्यापकांना विनंती की, खेळाचा तास गणिताला उसना देऊ नये. आणि पालकांनो, दहावीचे वर्ष आले म्हणून मुलाचा खेळ बंद करू नका, मोठी झाली म्हणून मुलीचा तर नकोच. निजामाबादची निखत झरीन २०२२ साली मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिच्या वडिलांनी लोकांच्या बोलण्याला भिऊन तिला घरी बसविले असते, तर?

सगळीच मुले वसीम जाफर होणार नाहीत. पण हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवावयास शिकलेला मुलगा घरात, बाजारात आणि मोहल्ल्यातही शहाणपणानेच वागेल. इमारत पैशाने पुन्हा बांधता येते; गेलेले मैदान परत येत नाही. अल्लाह आपल्या संस्थेला बरकत देवो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.